ई१ सर्किट पॅकेट नेटवर्कवर आणताना: आधी क्लॉक, मग सर्किट

जुना एसडीएच मल्टिप्लेक्सर (अनेक सर्किटं ठरावीक वेळेच्या फ्रेममधून एकत्र नेणारं उपकरण) काढून त्या जागी पॅकेट ट्रान्सपोर्टचं उपकरण बसवायचं आणि त्यावरची ई१ सर्किटं (सेकंदाला सुमारे २ मेगाबिटच्या डिजिटल जोडण्या) मात्र चालू ठेवायची, हे काम नकाशावर सरळ दिसतं. एका टोकाला ई१ आत, मधे इथरनेट, दुसऱ्या टोकाला ई१ बाहेर. जोडल्यावर दोन-चार मिनिटांत सगळे दिवे हिरवे होतात आणि फसगत नेमकी तिथेच होते. ई१मध्ये बिट नुसते पोचून भागत नाही. ते ज्या वेगाने आत शिरले त्याच वेगाने बाहेर पडावे लागतात: सेकंदाला २०,४८,००० बिट, आणि सूट फक्त ±५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भाग). हा ठेका धरणारं घड्याळ म्हणजे क्लॉक. एसडीएच हा वेग फ्रेममधल्या स्टफिंगने (वेग जुळवायला घातलेल्या भरतीच्या बिटांनी) जपून नेत असे. साधं इथरनेट तो नेतच नाही. म्हणून चाचणीत पास झालेलं सर्किट दोन दिवसांनी ठरावीक वेळाने हलायला लागतं, आणि मग दोष केबलमध्ये शोधला जातो.

खालचं सगळं एमपीएलएस-टीपी (पॅकेटांना लेबलं लावून ठरलेल्या मार्गाने नेणारी पद्धत) किंवा तत्सम पॅकेट नेटवर्कवर स्यूडोवायरने (पॅकेटांमधून बनवलेल्या आभासी तारेने) ई१ नेण्याबद्दल आहे. उपकरण कुठल्याही कंपनीचं असो, आकडे आणि क्रम तेच राहतात.

सर्किटांची यादी

प्रत्येक ई१साठी सहा गोष्टी लिहून काढा: फ्रेमिंग आहे की नाही, असल्यास सीआरसी-४ (बिटचुका ओळखणारी तपासणी) चालू आहे का, कोणते टाइमस्लॉट (ई१च्या फ्रेममधले ३२ वाटे) खरोखर वापरात आहेत, टाइमस्लॉट १६मध्ये सिग्नलिंग आहे की डेटा, जोडणी ७५ ओहमच्या कोएक्सची की १२० ओहमच्या तारजोडीची, आणि क्लॉक कोण देतं. शेवटच्या रकान्यात ‘माहीत नाही’ राहिलं असेल तर थांबा आणि सर्किट वापरणाऱ्याला विचारा. पुढचं सगळं काम याच उत्तरावर उभं आहे.

त्यानंतर पद्धत ठरते. आरएफसी ४५५३ मधली सॅटॉप ही पद्धत ई१च्या आत डोकावत नाही. येतील ते बिट उचलते, पॅकेटात भरते, पाठवते. फ्रेमिंग नसलेलं ई१, एन्क्रिप्टर लावलेलं ई१, किंवा आत काय चाललंय याची खात्री नसलेलं ई१ यांना हीच लागते. आरएफसी ५०८६ मधली सीईएसओपीएसएन पद्धत फ्रेम ओळखते आणि फक्त सांगितलेले टाइमस्लॉट नेते. दहाच टाइमस्लॉट वापरात असतील तर बँडविड्थ निम्म्याहून कमी लागते.

पण सीईएसओपीएसएनमध्ये टाइमस्लॉट ० सहसा दोन्ही टोकांना नव्याने तयार होतो. म्हणजे एका टोकाचा सीआरसी-४ दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही आणि राष्ट्रीय वापरासाठी राखलेले एसए बिटही वाटेत हरवतात. त्या बिटांवरून क्लॉकचा दर्जा किंवा व्यवस्थापनाची माहिती पाठवणारी उपकरणं आहेत. तशांसाठी सॅटॉपच घ्या. आणि एका स्यूडोवायरच्या एका टोकाला सॅटॉप, दुसऱ्याला सीईएसओपीएसएन असं कधीही चालत नाही. दोन माणसं दोन टोकांवर काम करत असतील तर ही चूक हमखास होते.

पेलोड किती बाइटचं ठेवायचं

ई१ची एक फ्रेम ३२ बाइटची, १२५ मायक्रोसेकंदांची. सॅटॉपचं ई१साठीचं डिफॉल्ट पेलोड २५६ बाइट आहे, म्हणजे ८ फ्रेम, १ मिलिसेकंद, सेकंदाला १००० पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर चढणारा बोजा असा मोजा: कंट्रोल वर्ड (स्यूडोवायरचं स्वतःचं छोटं हेडर) ४, दोन एमपीएलएस लेबलं ८, इथरनेट हेडर १४, व्हीलॅन टॅग ४, एफसीएस (चूक तपासणीचे बाइट) ४, आणि प्रिअँबल व दोन फ्रेममधलं अंतर मिळून २०. एकूण ५४ बाइट. त्यावरून एका ई१ला तारेवर लागणारी बँडविड्थ निघते:

- २५६ बाइट: २.४८ मेगाबिट
- १२८ बाइट: २.९१ मेगाबिट
- ६४ बाइट: ३.७८ मेगाबिट
- ३२ बाइट: ५.५० मेगाबिट

आरटीपी हेडर (वेळेची नोंद नेणारं) लावलं तर प्रत्येक पॅकेटला आणखी १२ बाइट. पोलिसर (ठरल्याहून जास्त वेगाने येणारी पॅकेटं टाकून देणारी यंत्रणा) मात्र बहुतेक वेळा शेवटचे २० बाइट मोजत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी २५६ बाइटच्या ई१चा आकडा २.३२ मेगाबिट येतो. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की एक तर बँडविड्थ वाया जाते, नाही तर पोलिसर पॅकेट टाकायला लागतो.

बँडविड्थ वाचते म्हणून २५६ डोळे मिटून घेऊ नका. ई१मधला फ्रेम जुळवण्याचा शब्द एक फ्रेम आड येतो, म्हणजे ६४ बाइटांत एकदा. २५६ बाइटचं एक पॅकेट हरवलं की त्या जागी सगळे १ भरले जातात आणि असे सलग चार शब्द बिघडतात. सलग तीन चुकले की घेणारं उपकरण फ्रेम सुटल्याचं जाहीर करतं. म्हणजे एका हरवलेल्या पॅकेटने पूर्ण ई१ खाली बसतं, आणि अलार्म येतो एलओएफचा (फ्रेम सुटल्याचा). १२८ बाइटला दोनच शब्द बिघडतात, फ्रेम टिकते, फक्त काही बिटचुका दिसतात. सॅटॉपसाठी १२८ हा चांगला मध्य आहे: २५६च्या तुलनेत ०.४३ मेगाबिट जास्त जातात, पण सुटं पॅकेट हरवल्याने पूर्ण ई१ पडत नाही. सीईएसओपीएसएनमध्ये फ्रेमिंग त्याच टोकाला तयार होत असल्याने हा प्रश्न येत नाही.

सीईएसओपीएसएनच्या डिफॉल्ट वेळा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एका टाइमस्लॉटला ८ मिलिसेकंद, दोन ते चारला ४, पाच किंवा जास्तला १ मिलिसेकंद. एकच ६४ किलोबिटचं सर्किट नेताना पॅकेट भरेपर्यंतच ८ मिलिसेकंद जातात. वीजवाहिनीच्या संरक्षण रिलेसारखं उशिराला हळवं सर्किट असेल तर ही वेळ हाताने कमी करावी लागते.

क्लॉक

ई१ बाहेर टाकणाऱ्या पोर्टला क्लॉक चार ठिकाणांहून मिळू शकतो.

नेटवर्कचा क्लॉक: दोन्ही टोकांची उपकरणं सिंक्रोनस इथरनेटने (लिंकवरच्या बिटांच्या वेगातूनच क्लॉक पुढे नेणाऱ्या इथरनेटने) एकाच मूळ घड्याळाशी बांधलेली असतात आणि सर्किट वापरणारी उपकरणं तोच क्लॉक घेतात. शक्य असेल तिथे हेच करा.

डिफरन्शियल: सर्किट वापरणाऱ्याचा क्लॉक स्वतःचा आहे आणि तो तसाच पलीकडे न्यायचा आहे, पण दोन्ही टोकांना सामायिक संदर्भ उपलब्ध आहे. आरटीपी टाइमस्टँपमधून दोन क्लॉकमधला फरक पाठवला जातो. आरटीपी दोन्हीकडे चालू हवं.

अ‍ॅडाप्टिव्ह: सामायिक संदर्भ नाहीच. पॅकेटं ज्या वेगाने येतात त्यावरून क्लॉकचा अंदाज बांधला जातो. नेटवर्कवरचा भार बदलला की हा अंदाज हलतो. लॉक व्हायलाही वेळ लागतो, तोपर्यंतच्या चाचणीला अर्थ नाही. दुसऱ्या कुणाच्या भाड्याच्या इथरनेट लिंकवरून जाताना बहुधा हाच पर्याय उरतो.

लूप: त्याच पोर्टवर आत येणाऱ्या ई१चा क्लॉक बाहेर जाणाऱ्यालाही वापरायचा.

एका सर्किटात क्लॉकचं मूळ एकच असावं. समजा अ टोकाला एक्स्चेंज आहे आणि ते मालक, ब टोकाचं उपकरण त्याच्या मागे चालणारं. मग ब टोकाच्या पोर्टला स्यूडोवायरमधून मिळवलेला क्लॉक द्या, ब टोकाचं वापरकर्त्याचं उपकरण लाइनवरून क्लॉक घेईल असं ठेवा, आणि अ टोकाचा पोर्ट लूपवर ठेवा. अ टोकाचं एक्स्चेंज लाइनवरून क्लॉक घेत असेल आणि पोर्ट लूपवर असेल, तर दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि वारंवारता हळूहळू भलतीकडे सरकते. अलार्म एकही येत नाही.

सिंक्रोनस इथरनेट लावताना साखळीतला प्रत्येक दुवा तपासा. मधे एखादा साधा मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असेल तर क्लॉक तिथे तुटतो. पॅकेटं मात्र जात राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तांब्याच्या तारेचे एसएफपी (पोर्टमध्ये खोचायचे मॉड्यूल) बरेचदा क्लॉक पुढे देत नाहीत, तेव्हा अशा ठिकाणी ऑप्टिकल एसएफपी वापरा. गिगाबिटचा पक्का तांब्याचा पोर्ट असेल तर क्लॉक मास्टरकडून स्लेव्हकडेच जातो. ऑटो-निगोशिएशनवर सोडलं तर उलटंही ठरू शकतं. क्लॉक जिकडून यायचा ती बाजू हाताने मास्टर करा.

रिंगमध्ये क्लॉकच्या दर्जाचे संदेश चालू ठेवणं अत्यावश्यक आहे. ते सेकंदाला एक या गतीने जातात आणि पाच सेकंद आले नाहीत की तो स्रोत सोडला जातो. ज्या पोर्टवरून क्लॉक घेतला त्याच पोर्टवर परत ‘वापरू नका’ असा संदेश जायला हवा, म्हणजे फायबर तुटल्यावर दोन शेजारी एकमेकांचा क्लॉक घेत नाहीत. हे संदेश बंद ठेवून फक्त प्राधान्यक्रमावर रिंग चालवली, तर पहिल्या फायबर-कटला टायमिंग लूप होतो.

क्लॉक बिघडल्याची खूण म्हणजे ठरावीक अंतराने येणारा झटका. जिटर बफरमध्ये (कमी-जास्त उशिराने येणारी पॅकेटं थोडी साठवून एकसारख्या वेगाने सोडणाऱ्या जागेत) एका बाजूला मोकळी असलेली जागा मायक्रोसेकंदांत घ्या, तिला दोन क्लॉकमधल्या पीपीएम फरकाने भागा, की दोन झटक्यांमधले सेकंद मिळतात. ४ मिलिसेकंद मोकळे आणि फरक ४.६ पीपीएम असेल तर ८७० सेकंद, म्हणजे साधारण साडेचौदा मिनिटं. सिंक्रोनस इथरनेटचं घड्याळ मोकळं चालत असताना त्याला परवानगी असलेली चूक बरोबर ४.६ पीपीएमच आहे, तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी झटका येत असेल तर एखादं टोक स्वतःच्याच घड्याळावर चाललंय का ते पहिलं बघा. फरक १ पीपीएम असेल तर तासाहून थोडं जास्त. ०.१ पीपीएम असेल तर अकरा तास. हाच हिशोब उलटा करून झटक्यांच्या अंतरावरून फरक काढता येतो, आणि तो कळला की दोषी उपकरण शोधायला वेळ लागत नाही. तुलनेसाठी, जी.८११ (मूळ घड्याळांच्या अचूकतेचं मानक) दर्जाच्या दोन वेगळ्या मूळ घड्याळांवर चालणाऱ्या टोकांमध्ये एक फ्रेम सरकायला सुमारे ७२ दिवस लागतात.

जिटर बफर आणि रांग

बफर वाढवला की उशीर वाढतो, कमी केला की पॅकेट उशिरा आलं म्हणून टाकलं जातं. किमान खोली तीन गोष्टींच्या बेरजेतून काढा: एका पॅकेटचा वेळ, पॅकेटच्या उशिरातला जास्तीत जास्त चढउतार, आणि मुख्य व राखीव मार्गांच्या उशिरातला फरक. तिसरी गोष्ट बहुतेकदा राहून जाते. फायबरमध्ये दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. मुख्य मार्ग ४० किलोमीटर आणि रिंगच्या दुसऱ्या बाजूने ३०० असेल तर फरक १.३ मिलिसेकंद. २ मिलिसेकंदांचा बफर रोजच्या कामात उत्तम चालतो आणि रिंग वळली की रिकामा पडतो.

चढउताराचा अंदाज लिंकच्या वेगावरून येतो. पूर्ण आकाराची इथरनेट फ्रेम निघायला गिगाबिटवर १२.३ मायक्रोसेकंद लागतात, १०० मेगाबिटवर १२३. वरचं प्राधान्य असलेलं ई१चं पॅकेटही आधीच निघालेली फ्रेम संपेपर्यंत थांबतं, म्हणून टप्प्यांच्या संख्येने हा आकडा गुणा. १०० मेगाबिटच्या लिंकवर ९००० बाइटची जंबो फ्रेम पाऊण मिलिसेकंद अडवून धरते. अशा लिंकवर जंबो बंदच ठेवा.

दोन्ही टोकांना बफर सारखाच ठेवा. लाइन डिफरन्शियल रिले जाताना आणि येताना लागणारा वेळ समान आहे असं धरून चालतो. एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ६ मिलिसेकंद ठेवले तर तो नसलेला दोष पाहतो.

ई१ स्यूडोवायरना कडक प्राधान्याची स्वतंत्र रांग द्या, सहसा ट्रॅफिक क्लास ५. नियंत्रणाचे आणि संरक्षणाचे संदेश त्याहून वर, ६ किंवा ७. या रांगेत आधीच पॅकेट टाकून गर्दी टाळणारी यंत्रणा लावू नका. ई१ गर्दी बघून वेग कमी करत नाही. आणि राखीव मार्गावरही ही सगळी बँडविड्थ राखून ठेवा.

जोडणी

आठ पिनांच्या जॅकवर ई१ १-२ आणि ४-५ या जोड्यांवर चालतं, इथरनेटसारखं १-२ आणि ३-६वर नाही. सरळ पॅच कॉर्ड चालते. इथरनेटची क्रॉस कॉर्ड चालत नाही. ई१ची क्रॉस कॉर्ड १ला ४शी आणि २ला ५शी जोडते. ७५ आणि १२० ओहम एकत्र येत असतील तर मधे बलून (दोन्हींचा रोध जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवा. नुसता कनेक्टर बदलून जोडलं तर जवळच्या अंतरावर चालल्यासारखं वाटतं आणि चुका मात्र तुरळक येत राहतात. −४८ व्होल्टच्या दोन्ही फीड वेगवेगळ्या एमसीबीवरून घ्या, आणि एकेक बंद करून उपकरण चालू राहतं का ते तेव्हाच बघा.

एसडीएचच्या एसटीएम-१ पोर्टवर ६३ ई१ उतरवताना क्रमांकांची गल्लत होते. काही उपकरणं टीयूजी-३च्या (एसटीएम-१मधल्या तीन गटांपैकी एकाच्या) आत आधी सगळे मोजून पुढे जातात, काही तिन्ही टीयूजी-३मधून आळीपाळीने. एकात २ क्रमांक म्हणजे १-१-२, दुसऱ्यात २-१-१. पहिलं सर्किट दोन्हीकडे जुळतं, म्हणून फक्त पहिल्यावर चाचणी घेऊ नका. यादी नेहमी तीन आकड्यांच्या रूपात लिहा.

उभारणीचा क्रम

१. दोन्ही टोकांच्या उपकरणांत क्लॉक लॉक झाल्याचं आणि मूळ घड्याळाचा दर्जा दिसत असल्याचं तपासा. मुख्य स्रोत काढून राखीववर जातं का, परत येतं का, तेही.

२. नेटवर्कच्या बाजूच्या पोर्टचा एमटीयू (जाऊ शकणाऱ्या फ्रेमचा कमाल आकार) वाढवा. टॅग असलेली वापरकर्त्याची फ्रेम, लेबलं, कंट्रोल वर्ड आणि बाहेरचं हेडर मिळून १५५० बाइटच्या आसपास जातं. १६०० हे किमान धरा. ई१ला याची गरज नाही, पण त्याच मार्गावरच्या इथरनेट सेवेला आहे. एमटीयू अपुरा असेल तर छोटे पिंग जातात आणि मोठ्या फ्रेम गुपचूप गळतात.

३. मुख्य आणि राखीव मार्ग बांधा, तपासणी संदेश ३.३३ मिलिसेकंदांवर ठेवा. त्यामुळे सुमारे १० मिलिसेकंदांत तुटल्याचं कळतं आणि ५० मिलिसेकंदांत वळणं जमतं. खाली मायक्रोवेव्ह किंवा ऑप्टिकल पातळीचं स्वतःचं संरक्षण असेल तर वरच्या पातळीला होल्ड-ऑफ (वळण्याआधी थोडं थांबणं) द्या, नाही तर दोन्ही एकदम वळतात.

४. स्यूडोवायर तयार करा: पद्धत, पेलोड, आरटीपी, बफर. हे चारही दोन्ही टोकांना शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

५. पोर्टचं फ्रेमिंग आणि क्लॉक लावा. आणि मगच केबल.

चाचणीला २^१५−१ लांबीचा पॅटर्न वापरा. दूरच्या टोकाला लूप लावून घेतलेली पंधरा मिनिटांची चाचणी केबल आणि मार्ग बरोबर असल्याचं सांगते, क्लॉकबद्दल फारसं काही नाही. वरच्या हिशोबाप्रमाणे ०.१ पीपीएमचा फरक दिसायला अकरा तास लागतात, म्हणून २४ तासांची चाचणी घ्या, शक्यतो दोन टोकांना दोन परीक्षक लावून. त्या २४ तासांत मार्ग निदान दोनदा मुद्दाम वळवा, आणि इथरनेटच्या बाजूने लिंक भरून टाकणारा भार सोडा. भाराशिवाय घेतलेली चाचणी रांगेबद्दल काहीच सांगत नाही.

बिघाड वाचताना

कंट्रोल वर्डमधले दोन बिट निम्मं काम करतात. एल बिट लागलेला येत असेल तर दोष पलीकडच्या ई१ केबलमध्ये किंवा तिथल्या उपकरणात आहे. नेटवर्क ठीक आहे. आर बिट लागलेला येत असेल तर तुमची पॅकेटं पलीकडे पोचत नाहीत. दोन्ही नाहीत आणि तरी एआयएस (सगळे १ असलेला बिघाडाचा संकेत) बाहेर पडतोय, तर पॅकेटं तुमच्याकडे पोचत आहेत का ते मोजणीत बघा.

क्रमांक चुकलेली पॅकेटं वाढत असतील तर रांग किंवा पोलिसर. क्रमांक बरोबर पण उशिरा म्हणून टाकलेली वाढत असतील तर बफर लहान. बफर भरणं किंवा रिकामं होणं एकाच दिशेने ठरावीक वेळाने घडत असेल तर क्लॉक. कधी भरणं, कधी रिकामं होणं, आणि वेळ नेटवर्कच्या गर्दीशी जुळत असेल तर अ‍ॅडाप्टिव्ह क्लॉक भारामुळे हलतोय. मग त्या स्यूडोवायरचं प्राधान्य तपासा, तरी न थांबल्यास डिफरन्शियलकडे जा.

पॅकेट आकार दोन टोकांना वेगळा असेल तर स्यूडोवायर वर दिसूनही वेगळ्या आकाराची पॅकेटं टाकली जातात. काही उपकरणांत यासाठी वेगळा काउंटर असतो, तोही बघून घ्या.

सर्किट हलवण्याच्या दिवशी जुन्या एसडीएचचं क्रॉस-कनेक्शन लगेच पुसू नका. पॅच पॅनेलवरूनच हलवा, म्हणजे परत जायला एक मिनिट पुरतं. एका वेळी एक ई१, आणि वापरणाऱ्याच्या उपकरणात स्लिपचा (फ्रेम सरकल्याचा) काउंटर शून्य करून. जुना मल्टिप्लेक्सर बंद करण्याआधी त्याच्यावरून कुणी क्लॉक घेत नाही ना ते शोधा: इमारतीतलं एखादं एक्स्चेंज वर्षानुवर्षं त्याच्या २ मेगाहर्ट्झ पोर्टवर टांगलेलं असू शकतं, आणि ते यादीतल्या कुठल्याच सर्किटात दिसत नाही. तो पोर्ट आधी नव्या उपकरणाच्या क्लॉक आउटपुटवर हलवा, २४ तास जाऊ द्या, आणि मग जुन्याची वीज काढा.